सुईण, बाळंतीण आणि सव्वा महिना

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. पण बाळंतिणीच्या खोलीलाही इतिहास आहे, आणि तो मजुरीच्या इतिहासाला लागूनच आहे. माझ्यासारख्या कामगार संघटनेतल्या माणसाने या विषयावर बोलायला उभे राहावे ते एवढ्याचसाठी.

आपल्या गावची सुईण शाळेत शिकलेली नव्हती. आईकडून किंवा सासूकडून ही विद्या तिच्या हाती येई. मूल जन्मले म्हणजे तिचे काम संपत नसे. ती रोज येऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावी, कढत पाण्याने न्हाऊ घाली, बाजेखाली शेगडी ठेवून शेक देई, बाळंतिणीचे पोट बांधी. जोडीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा. आणि सव्वा महिना बाईने जड कामाला हात लावायचा नाही, हा दंडक. या रीतीत दोषही होते. अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वात होऊन मुले दगावत. दवाखान्याने ते टाळले, याबद्दल दुमत नको.

माझा प्रश्न निराळा आहे. हा सव्वा महिना मिळाला कोणाला? जिच्या घरी दाणे होते तिला. शेतमजूर बाई त्याआधीच बांधावर जाई. मुंबईच्या गिरणीतली बाई रोज बुडतो म्हणून खात्यात परते, आणि तान्हे निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देई.

१९२८ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले. बाळंतपणाच्या आधीची व नंतरची विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, असे सांगून डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची पगारी रजा दिली आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामाला लावण्यास मालकाला मनाई केली. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. सुईणीचा सव्वा महिना जवळजवळ तेवढाच! २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली.

पण ऊसतोडीच्या फडात नवऱ्याच्या बरोबरीने राबणाऱ्या बाईचे नाव कोणत्या हजेरीपटावर आहे? तिने विसावा घेतला की मजुरी थांबते. सुईणीला जे कळत होते ते कायद्यालाही कळले. ते तिच्या पालापर्यंत पोचवणे, एवढे आपले काम उरले आहे.