धाराशिवमधून टीव्ही आणि व्हिडिओ निर्मितीत करिअर करायचंय? आधी या गोष्टी समजून घ्या

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या पोराने घरी सांगितलं, 'मला मालिका बनवायच्या आहेत', तर पहिला प्रश्न येतो : 'मुंबईत आपलं कोण आहे?' हा प्रश्न चुकीचा नाही. पण या क्षेत्रात शिरण्याचा रस्ता आता फक्त मुंबईतून जात नाही.

शेजारच्या बार्शीने काय केलं?

धाराशिवपासून तासाभराच्या अंतरावर बार्शी आहे. तिथल्या अमर देवकर यांच्या 'म्होरक्या'ला ६५व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान मिळाला. ६७व्या पुरस्कारांमध्ये हाच मान बार्शीच्याच विनोद कांबळे यांच्या 'कस्तुरी'ला मिळाला. एक गोष्ट शाळेच्या परेडमध्ये पुढे चालू पाहणाऱ्या मेंढपाळ पोराची, दुसरी सफाईकाम करणाऱ्या घरातल्या मुलाची. दोन्ही विषय आजूबाजूलाच सापडलेले.

धाराशिवकडेही विषयांची कमी नाही. तुळजापूरचा गोंधळ आणि संबळ, नळदुर्गचा किल्ला, पाण्यासाठीची वणवण, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं. ९७वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनही २०१७ मध्ये याच शहरात झालं होतं.

'क्रिएटिव्ह' काम म्हणजे नेमकं काय?

फक्त दिग्दर्शन नाही. मराठी मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं असतात आणि अनेकदा ती तीन वेगळी माणसं करतात. याशिवाय कॅमेरा, एडिटिंग, ध्वनी, कला दिग्दर्शन आणि वेशभूषा. रोजची मालिका म्हणजे रोज एक एपिसोड, त्यामुळे वेळेवर काम देणाऱ्याला किंमत असते.

शिकायचं कुठे?

• एफटीआयआय, पुणे : १९६० मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था. टीव्ही विभागात दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग आणि ध्वनी यांचे एक वर्षाचे कोर्स आहेत. पदवीनंतर प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

• डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर : इथे नाट्यशास्त्र आणि पत्रकारिता असे दोन्ही विभाग आहेत. चंद्रकांत कुलकर्णी आणि मकरंद अनासपुरे याच नाट्यशास्त्र विभागातून पुढे आले.

मुंबईलाच जावं लागतं का?

चॅनेलची ऑफिसं मुंबईतच आहेत, त्यामुळे बोलणी तिथेच होतात. पण शूटिंग बाहेर सरकलं आहे. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूर परिसरात, तर 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे शूट झाली. युनिट गावात आलं की स्थानिक सहायक, कलाकार आणि भाषा सांभाळणारी माणसं लागतात.

पैशांचं गणित

इथेच बहुतेकांची स्वप्नं अडकतात. टीव्हीत मानधन अनेकदा ९० दिवसांनी हातात येतं. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरमध्ये. तोपर्यंतचं खोलीभाडं आणि जेवण खिशातूनच. त्यामुळे निघण्याआधी किमान चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला बरा.

यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो. शॉर्ट्स बनवत असाल तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. तोवर अनेकजण लग्नाचे व्हिडिओ, दुकानांच्या जाहिराती आणि एडिटिंगची कामं घेतात. त्यात कमीपणा काही नाही, हात तिथेच बसतो.

फसवणूक कशी टाळायची?

• काम देण्यासाठी किंवा ऑडिशनसाठी कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.
• कथा ऐकवण्याआधी तिची नोंदणी करा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्य ही नोंदणी ऑनलाइन करू शकतात.
• मानधन, तारखा आणि श्रेयनामावलीत नाव, हे सगळं लेखी घ्या. साधा ईमेलही उपयोगी पडतो.

सुरुवात कुठून?

मोबाइलवर पाच मिनिटांची एक फिल्म पूर्ण करा. पूर्ण हा शब्द महत्त्वाचा. अर्धवट राहिलेल्या दहा कल्पनांपेक्षा दाखवता येणारं एक काम सहायक म्हणून दार उघडून देतं. 'मुंबईत आपलं कोण आहे?' या प्रश्नाला घरी देण्यासारखं उत्तरही तेच काम आहे.