व्यत्यय–हस्तक, सूक्ष्मनियंत्रकांतील
व्यत्यय–हस्तक, सूक्ष्मनियंत्रकांतील : सूक्ष्मनियंत्रकाचे चालू काम थांबवून तातडीच्या घटनेकडे वळविणाऱ्या संकेतास व्यत्यय किंवा इंटरप्ट म्हणतात. त्या घटनेची दखल घेणारी आज्ञावली म्हणजे व्यत्यय–हस्तक होय. तिचे काम संपताच मूळ आज्ञावली थांबलेल्या ठिकाणापासून पुढे चालू होते.

आदान–प्रदानासाठी व्यत्ययाचा वापर प्रथम अमेरिकेतील डायसीक (१९५४) या संगणकात झाला, असे सामान्यतः मानतात. इंटेल कंपनीच्या ८०५१ (१९८०) या सूक्ष्मनियंत्रकात व्यत्ययाचे पाच उगम होते. प्रत्येक हस्तकाचा स्मृतीतील पत्ता कायमचा ठरलेला असून लगतच्या दोन पत्त्यांत अवघे आठ बाइटांचे अंतर होते. अशा लहान आज्ञावल्या बहुधा एकहाती लिहिल्या जात. त्यामुळे कोणता पत्ता कोणी वापरावयाचा, हा प्रश्न फारसा उद्‌भवत नसे.

इटलीतील इव्ह्रेआ येथे २००५ मध्ये आर्डुइनो प्रकल्प सुरू झाला आणि इतरांनी लिहिलेल्या लायब्रऱ्या जोडून आज्ञावली तयार करण्याची पद्धत रूढ झाली. परंतु एका व्यत्ययास एकच हस्तक असू शकतो. दोन लायब्रऱ्यांनी तोच हस्तक आपापल्या परीने लिहिल्यास, दोन्ही स्वतंत्रपणे निर्दोष असूनही, एकत्र जोडता येत नाहीत. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअर–सीरियल या लायब्ररीने टाचणी–बदलाचे सर्व व्यत्यय स्वतःकडे घेतल्याने अशी अडचण अनेकदा उद्‌भवली.

यावर एक उपाय म्हणजे लायब्ररीने हस्तक स्वतःजवळ ठेवून वापरणाऱ्याच्या फलनाचा पत्ता कोष्टकात नोंदविणे. आर्डुइनोतील ‘अटॅच–इंटरप्ट’ हे फलन याच तत्त्वावर चालते. मात्र पत्त्यावरून बोलाविलेले फलन कोणती नोंदके वापरील, हे संकलकास आधी कळत नाही. म्हणून अनेक नोंदके राखून ठेवावी लागतात व प्रतिसादास विलंब होतो.

आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स–एम मालिकेसाठी प्रारंभ–संचिकेत प्रत्येक हस्तकाची ‘दुर्बल’ व्याख्या देण्याची पद्धत रूढ झाली. त्याच नावाचे दुसरे फलन लिहिल्यास ते तिची जागा घेते. तथापि दोन लायब्रऱ्यांनी अशी फलने दिल्यास मूळ तंटा कायम राहतो.

हस्तक लायब्ररीत बंदिस्त केला, तरी कालमापक व व्यत्यय ही यंत्रातील मोजकी साधने सामाईकच राहतात. म्हणून लायब्ररी त्यांपैकी कोणती व्यापते आणि हस्तकास कमाल किती वेळ लागतो, याची स्पष्ट नोंद हा लायब्ररीचाच आवश्यक भाग ठरतो.