शासकीय वैद्यकीय प्रवेश आणि अहमदनगर जिल्हा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेला अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा सहकार, साखर कारखानदारी आणि शिक्षणसंस्था यांसाठी ओळखला जातो. नाशिक, ठाणे, पुणे, सोलापूर, धाराशिव, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या सात जिल्ह्यांना त्याच्या सीमा भिडतात. २०२४ मध्ये नाशिक व अंबरनाथ येथे नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आणि या सातही जिल्ह्यांत शासनाचे किंवा महानगरपालिकेचे किमान एक वैद्यकीय महाविद्यालय झाले. मध्ये वसलेल्या नगर जिल्ह्यात मात्र तोवर एकही नव्हते. ६ मे २०२५ रोजी चौंडी येथील मंत्रिमंडळ बैठकीत १०० विद्यार्थी प्रवेशक्षमतेचे महाविद्यालय आणि त्यास संलग्न ४३० खाटांचे रुग्णालय यांना मान्यता देण्यात आली.

जिल्ह्यात महाविद्यालय आले म्हणजे जिल्ह्यातील मुलामुलींना प्रवेश मिळेल, ही अपेक्षा अशा वेळी सहजच निर्माण होते. ही अपेक्षा इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभीची व्यवस्था

मुंबई इलाख्यात पाश्चात्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून सुरू झाले. त्या काळी विद्यार्थी मिळवणे हीच अडचण होती; त्यामुळे शुल्क आकारण्याऐवजी शिष्यवृत्ती देऊन विद्यार्थ्यांना आकृष्ट करावे लागे. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. १८६१ मध्ये मराठीतून शिकवणारा वर्गही तेथे सुरू झाला, परंतु त्याचा हेतू दुय्यम श्रेणीचे सहायक तयार करणे हा होता. पुण्याची बी. जे. वैद्यकीय शाळा १८७८ ची. तिचे महाविद्यालयात रूपांतर १९४६ मध्ये झाले. नगरचा विद्यार्थी या दोन शहरांकडे पाहत राहिला, कारण तिसरे शहर त्याच्या आवाक्यात नव्हते.

विद्यापीठाची सीमा

स्वातंत्र्योत्तर काळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा विस्तार झाला. औरंगाबाद (१९५६), मिरज (१९६२), सोलापूर (१९६३), अंबाजोगाई (१९७४) ही त्यांतील प्रमुख नावे. ही यादी पाहता जिल्ह्यांची संख्या वाढते, परंतु नगरच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. याचे कारण भूगोलात नसून प्रवेशाच्या नियमात होते.

१९८५-८६ पर्यंतच्या नियमानुसार ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून विद्यार्थी बारावी झाला, त्याच कार्यक्षेत्रातील वैद्यकीय महाविद्यालयात तो प्रवेशास पात्र ठरे. नगर पुणे विद्यापीठात होते. मिरज व सोलापूर शिवाजी विद्यापीठात, तर औरंगाबाद व अंबाजोगाई मराठवाडा विद्यापीठात मोडत. पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात पुणे, नगर, नाशिक, धुळे व जळगाव असे पाच जिल्हे होते आणि त्यांच्या वाट्याला राज्य शासनाचे एकच महाविद्यालय होते, ते म्हणजे पुण्याचे बी. जे. (सैन्यदलाचे महाविद्यालय पुण्यातच असले तरी त्याचे प्रवेश देशपातळीवरील होते.) धुळ्याचे शासकीय महाविद्यालय त्यानंतरचे आहे. नगर शहरापासून पुणे आणि औरंगाबाद जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. नेवाशाहून तर औरंगाबाद पुण्याच्या निम्म्याहूनही जवळ पडते. तरीही नेवाशाच्या विद्यार्थ्याला गोदावरीपलीकडचे महाविद्यालय बंद होते आणि पुण्यात त्याची स्पर्धा पुण्याच्याच नामवंत महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांशी होती. कागदावर समान असलेला हा नियम प्रत्यक्षात किती असमान होता, हे वेगळे सांगावयास नको.

हा नियम निदमर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. विद्यार्थ्याला एका विद्यापीठाच्या क्षेत्रात पूर्णपणे बांधून ठेवणे न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. परंतु प्रादेशिक विषमतेचा विचार करून ७० टक्क्यांपर्यंत जागा त्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी ठेवण्यास मुभा दिली व उर्वरित ३० टक्के राज्यभरासाठी खुल्या केल्या. पुढे साडेतीन दशके गाजलेल्या ‘७०:३०’ सूत्राचा उगम हा असा आहे. पुढील काळात विद्यापीठांऐवजी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग कल्पिले गेले. नगर ‘उर्वरित’मध्ये राहिले. मुंबई-पुण्यासह एवढ्या विस्तृत विभागात समाविष्ट झाल्याने नगरच्या विद्यार्थ्यापुढील महाविद्यालये वाढली, हे मान्य करावे लागेल. मात्र मराठवाड्याच्या सीमेवरील शेवगाव, पाथर्डी, जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यांची गणना मुंबईबरोबर व्हावी, यातील विसंगती कायम राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने हे सूत्र रद्द केले. आपल्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, अशी मराठवाड्याची तक्रार त्यामागे होती. त्याचा लाभ सीमेवरील नगरलाही झाला, कारण संभाजीनगरचे दार आता राज्य गुणवत्तेवर उघडले.

खासगी पर्याय व त्याची किंमत

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. १९८४ मध्ये लोणी येथे प्रवरा परिसरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात उभे राहिलेले हे कार्य ग्रामीण रुग्णसेवेच्या दृष्टीने मोठे आहे. नंतर नगर शहराजवळ विळद घाटातही खासगी वैद्यकीय महाविद्यालय झाले. म्हणजे वैद्यकीय शिक्षण जिल्ह्यात चार दशके आहेच. नव्हते ते शासकीय शुल्कातील शिक्षण.

शुल्काचा प्रश्न न्यायालयांतून फिरत राहिला. राज्याने १९८७ मध्ये देणगीबंदीचा कायदा केला. उन्नीकृष्णन निकालाने (१९९३) निम्म्या जागा शासकीय शुल्काच्या केल्या, टी. एम. ए. पै निकालाने (२००२) ती रचना मोडली आणि इनामदार निकालाने (२००५) खासगी संस्थांतील शासनाचा जागावाटा संपवला. १९९३ ते २००२ या अल्प काळात मध्यमवर्गीय व शेतकरी कुटुंबांतील अनेक मुले खासगी महाविद्यालयांत ‘फ्री सीट’वर शिकली, ही बाब आज विस्मरणात गेली आहे. शिवाय लोणीची संस्था २००३ पासून अभिमत विद्यापीठ असल्याने तेथील जागा राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत येत नाहीत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास तसेच इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींना राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी दिली. परंतु खासगी अभिमत विद्यापीठे या योजनेबाहेर आहेत. त्यामुळे राहाता किंवा श्रीरामपूर तालुक्यातील मुलीला ही सवलत घराजवळ मिळत नाही, दूरच्या शासकीय महाविद्यालयात मिळते.

परीक्षा आणि दडलेला खर्च

गुणांकनाची पद्धतही बदलत गेली. पूर्वी इंटर सायन्सच्या ‘बी’ गटाचे गुण, १९७८ पासून बारावीचे गुण, शतकाच्या अखेरीस राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आणि २०१७ पासून सर्वच जागांसाठी ‘नीट’. प्रश्नपत्रिका मराठीतूनही उपलब्ध असते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि बारावीच्या गुणांवर प्रवेश होत असताना अकोल्याच्या वा संगमनेरच्या महाविद्यालयातील अध्यापन हीच विद्यार्थ्याची मुख्य तयारी असे. ‘नीट’नंतर ती तयारी लातूर, पुणे वा थेट कोटा येथील वर्गांत गेली. आपल्यापैकी जे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात, त्यांना अकरावीच्या हजेरीपटावरूनच हा बदल दिसतो. शासकीय महाविद्यालयाचे शुल्क खासगीच्या तुलनेत आजही कितीतरी कमी आहे. पण ते भरण्याची संधी मिळण्यापूर्वीच दोन-तीन वर्षांच्या शिकवणीवर, खोलीभाड्यावर आणि पुनःपरीक्षेवर कुटुंबाने मोठी रक्कम खर्च केलेली असते. या खर्चाची नोंद कोणत्याही शुल्कपत्रकात होत नाही.

नव्या महाविद्यालयाच्या १०० जागांपैकी प्रचलित पद्धतीप्रमाणे १५ अखिल भारतीय कोट्यात जातात. उर्वरित ८५ राज्याच्या व त्यातील सामाजिक आरक्षणाच्या. जिल्ह्यासाठी एकही राखीव नाही. विद्यापीठाच्या सीमेचे संरक्षण होते तेव्हा जिल्ह्यात शासकीय महाविद्यालय नव्हते, आणि महाविद्यालयास मान्यता मिळाली तेव्हा ते संरक्षण उरले नव्हते.

यासंदर्भात जिल्ह्यातीलच एक उदाहरण उद्बोधक आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांचे वैद्यकीय शिक्षण तमिळनाडूतील वेल्लोर येथे झाले. नेवासे तालुक्यातील वडाळा मिशन रुग्णालयात काम केल्यानंतर त्यांनी १९७० मध्ये जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. वेल्लोरच्या प्रवेशपद्धतीत पुरस्कृत विद्यार्थ्याला ठरावीक क्षेत्रात सेवा करण्याचे बंधन असते. महाराष्ट्रातील शासकीय पदवीधरावरही एक वर्षाच्या सेवेचे बंधन आहे. पूर्वी ते मोडल्यास दहा लाख रुपये दंड होता. पण हे बंधन शासनाशी आहे, कोणत्याही जिल्ह्याशी नाही. नगरच्या महाविद्यालयातील पदवीधर बंधपत्राचे वर्ष अकोले तालुक्यातील आदिवासी भागात काढेल की राज्याच्या दुसऱ्या टोकाला, हे तो कोठे शिकला यावर अवलंबून नसते.