स्मृतीचे पत्ते आणि षोडशमान अंकलेखन : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

षोडशमान पद्धती महाविद्यालयीन वर्गांत बहुधा संख्यापद्धतींचा एक गणिती प्रकार म्हणून शिकविली जाते. वस्तुतः तिचा संगणकक्षेत्रातील प्रसार हा स्मृतीच्या रचनेत झालेल्या बदलाचा परिणाम होय, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

अष्टमानाचा काळ

स्मृतीतील प्रत्येक स्थानाला पत्ता असतो. यंत्र तो द्विमान अंकांत ओळखते. परंतु शून्य व एक यांची लांबलचक मालिका वाचताना माणसाची चूक होते. म्हणून बिटांचे गट करून लिहिण्याची प्रथा पडली. आयबीएम ७०४ (१९५४) या संगणकात शब्द ३६, पत्ता १५ व अक्षर ६ बिटांचे होते. या तिन्ही संख्यांना ३ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे तीन बिटांना एक अंक देणारी अष्टमान पद्धती तेथे सोयीची ठरली. षोडशमान त्या काळी अज्ञात नव्हते. मात्र त्याची चिन्हे निश्चित झाली नव्हती. दहा ते पंधरा या संख्यांसाठी इलियाकवर (१९५२) के, एस, एन, जे, एफ, एल, तर बेंडिक्स जी-१५ वर (१९५६) यू ते झेड ही अक्षरे योजिली होती.

बाइट आणि षोडशमान

७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० मालिकेत ८ बिटांचा बाइट हे पत्त्याचे एकक ठरले. ८ ला ३ ने भाग जात नाही, ४ ने जातो. म्हणून एक बाइट नेमका दोन षोडशमान अंकांत मावतो. या मालिकेच्या प्रसाराबरोबर ए ते एफ ही चिन्हेही रूढ झाली.

अष्टमान मात्र लगेच मागे पडले नाही. पीडीपी-११ (१९७०) या १६ बिटी संगणकाच्या आज्ञांमध्ये तीन-तीन बिटांचे विभाग असल्याने तेथे ते टिकले. त्याची अडचण बाइट वाचताना दिसे. सर्व बिट एक असलेला बाइट अष्टमानात ३७७ होतो. परंतु असे दोन बाइट जोडल्यास १७७७७७ ही संख्या मिळते व मूळचे बाइट ओळखू येत नाहीत. षोडशमानात एफएफ आणि एफएफ मिळून एफएफएफएफ होतात. त्याच कंपनीच्या व्हॅक्स (१९७७) संगणकात हे विभाग चार बिटांचे झाले आणि लेखनही षोडशमान झाले.

निष्कर्ष

अंकलेखनाची निवड यंत्राच्या रचनेस अनुसरून झाली. युनिक्समधील फाइलींचे परवाने तीन-तीन बिटांचे असल्याने ते आजही ७५५ असे अष्टमानातच लिहिले जातात. अध्यापनात रूपांतराच्या रीतीबरोबर हे कारणही सांगितल्यास विद्यार्थ्याला ‘सोळाच का?’ या प्रश्नाचे उत्तर मिळेल.