सर्वांसाठीची रचना वर्गात कशी आली

रोनाल्ड मेस हे नाव वास्तुविद्येच्या क्षेत्राबाहेर फारसे कुणाच्या कानांवर नसते. त्यांचा जन्म १९४१चा, अमेरिकेतला. नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि चाकांची खुर्ची कायमची सोबतीला आली. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात ते वास्तुविद्या शिकत, तेव्हा जिन्यावरून त्यांना उचलून वर्गात न्यावे लागे. स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जात नसे. इमारती कशा बांधाव्यात हे जिथे शिकवत, तिथेच विद्यार्थ्याला शिरणे अवघड! तरीही १९६६ साली ते पदवीधर झाले.

१९७३ साली त्या राज्याने इमारतींच्या सुलभतेचे नियम केले, त्यात मेस यांचा मोठा वाटा होता. पण नियम पाळूनही मागच्या दाराला उतार लावून मोकळे होता येते, हे त्यांनी पाहिले. पुढच्याच दाराने सर्वांनी आत यावे, वेगळी सोय करावीच लागू नये, अशी आखणी आरंभापासून करणे म्हणजे ‘युनिव्हर्सल डिझाइन’. त्यासाठी १९८९ साली त्यांनी आपल्याच विद्यापीठात केंद्र उभारले. १९९७ साली तिथून सात तत्त्वे प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी मेस गेले.

तत्त्वे फळ्यावर लिहिता येतात. विषय तेवढ्याने शिकवून होत नाही. बोस्टनच्या इलेन ऑस्ट्रॉफ यांनी डिझाइनची महाविद्यालये जोडून घेत एक शैक्षणिक प्रकल्प चालवला. त्यातले अनुभव १९९५ साली पॉली वेल्च यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने आले. ऑस्ट्रॉफ यांचा आग्रह असा, की अपंग व्यक्ती, वृद्ध माणसे यांना वर्गात तज्ज्ञ म्हणून बोलवावे. विद्यार्थ्याला एक दिवस चाकांच्या खुर्चीत बसवण्याचा प्रयोग बराच लोकप्रिय आहे. मला तो अपुरा वाटतो. संध्याकाळी तो विद्यार्थी उठून घरी चालत जातो.

आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून २०११ साली भारतीय तत्त्वे पुढे आली. त्यांत परवडण्याचा आणि संस्कृतीचाही विचार आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४७वे कलम तर सांगते, की अभियंते, वास्तुविशारद, इतकेच नव्हे तर डॉक्टरांच्याही शिक्षणात दिव्यांगत्व हा विषय असावा. ते वाचून मी चपापलो. पोलिओ कसा ओळखावा, हे आम्ही शिकलो. पोलिओ झालेला माणूस दवाखान्यात कसा येईल, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. माझ्या दवाखान्याला तीन पायऱ्या. कित्येक वर्षे काही रुग्णांना मी बाहेर रिक्षातच तपासले आणि त्याला सेवा समजलो.

शेवटी गवंड्याला बोलावले. पायऱ्यांची उंची दीड फूट. एकास बारा या प्रमाणाने उतार अठरा फुटांचा, आणि दारापासून रस्ता नऊ फुटांवर. बांधतानाच सांगितले असते तर जोते खाली घेतले असते, असे तो म्हणाला. आता उतार भिंतीलगत वळवून घेतला आहे.