बर्फातली मेहनत

२२ ऑगस्ट १९२० चा दिवस. बेल्जियममधल्या अँटवर्प शहरी ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत चालली होती. अंतर साडेसव्वीस मैलांहून थोडे अधिकच. हवा थंड, वर पावसाची भुरभुर. त्या शर्यतीत आपल्याकडचा एक गडी धावत होता. बेळगावकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर धावणारी माणसे पाहून सर दोराबजी टाटांना वाटले, की ही माणसे जगाच्या मैदानावर उतरवावीत. त्यांच्या खटपटीने जो लहानसा चमू युरोपला गेला, त्यात चौगुले होते. त्यांनी २ तास ५० मिनिटांत शर्यत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. परमुलुखात, परक्या हवेत, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पहिला कोण आला? हानेस कोलेमाइनेन. पेशाने गवंडी, देशाने फिनलंडचा. आणि त्याच ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरची शर्यत जिंकणारा पावो नुर्मी, तोही फिनलंडचाच.

आता जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. फिनलंड म्हणजे युरोपच्या पार उत्तरेचा देश. डिसेंबरात हेलसिंकीला सूर्य सहा तासही दिसत नाही. रानात, शेतात, रस्त्यावर महिनोन् महिने बर्फ पडलेले. आपल्याकडे माणूस बारा महिने उघड्या माळावर धावू शकतो. मग ज्याच्या पायाखालची जमीनच चार-पाच महिने बर्फाखाली गडप होते, त्याच्या अंगी असा दमसास आला कुठून? आजच्या बोलण्याचा विषय हाच आहे.

त्या काळी युरोपात सर्वसाधारण समज असा, की पळणाऱ्याने उन्हाळ्यात पळावे आणि हिवाळ्यात विसावा घ्यावा. फार मेहनत केली तर माणूस शिळा होतो, त्याचा जोर ओसरतो, अशी जाणत्यांनाही भीती वाटे. फिनलंडच्या माणसाला मात्र हिवाळ्यात घरी बसून चालण्यासारखे नव्हते. लाकूड तोडायचे, दुसऱ्या गावी जायचे, तर बर्फावरून घसरण्याच्या लाकडी पट्ट्या पायांना बांधायच्या आणि निघायचे. या पट्ट्यांना तिकडे स्की म्हणतात. स्कीवरून मैलोगणती जायचे म्हणजे हात, पाय, पाठ, छाती सगळ्यांना काम पडते. कोलेमाइनेन याच रीतीत वाढलेला. हिवाळ्यात त्याचे धावणे कमी होई. पण हृदय आणि फुप्फुसे काही रिकामी बसत नसत.

नुर्मीची कथा आणखी बोलकी आहे. तुर्कू गावच्या सुताराचा हा मुलगा. १९१० साली बाप वारला. हुशार पोर, पण शाळा सुटली आणि एका बेकरीत सांगकाम्या म्हणून राबू लागला. मालाची जड हातगाडी चढावरून ढकलायची, हे त्याचे काम. पाय आणि पाठ त्याच गाडीने घडवली, असे तो पुढे मानत असे. हिवाळ्यात त्याचा मुख्य व्यायाम कोणता? चालणे. लांबलांब पल्ल्यांचे, झपझप चालणे. बर्फावर धावता आले नाही तरी चालता येते, आणि तासन् तास चालता येते. वसंत ऋतूत बर्फ वितळले की त्या चालण्याच्या पायावर तो धावण्याची इमारत उभी करी. नुसते चालणे आणि संथ धावणे पुरेसे नाही, त्यात वेगाचे काम हवे, हे त्याला पुढे उमगले. आपल्या आधीच्या पद्धतीतले हे वैगुण्य त्याने लपवले नाही. तयारी सुधारली. १० जुलै १९२४ रोजी पॅरिसला त्याने पंधराशे मीटरची शर्यत जिंकली आणि तास उलटायच्या आत पाच हजार मीटरचीही जिंकली. त्या एका ऑलिंपिकमध्ये पाच सुवर्णपदके! लोक म्हणाले, हा माणूस नव्हे, यंत्र आहे. पण त्या यंत्राला तेलपाणी हिवाळ्यात झाले होते, हे किती जणांनी पाहिले?

फिनलंडच्या शेजारी स्वीडन. फिनलंडचे धावपटू आपल्याला सारखे मागे टाकतात, हे शल्य स्वीडनच्या लोकांना टोचत होते. योस्टा होल्मेर नावाच्या त्यांच्या शिक्षकाने १९३७ च्या सुमारास एक नवी पद्धत बसवली. तिचे नाव फार्टलेक, म्हणजे वेगाचा खेळ. मैदानाच्या गोल फेऱ्या मारण्याऐवजी रानात जायचे. चढ आला की जोर करायचा, मऊ वाट आली की सैल सुटायचे, समोर झाड दिसले की तिथवर झेप घ्यायची, पुन्हा श्वास जुळेपर्यंत संथ जायचे. घड्याळाची सक्ती नाही. हिशेब अंगाच्या श्रमाचा.

ही गोष्ट बर्फाला फारच जुळली. असे पाहा. बर्फात पाय रुततो. तो उपसून काढायला गुडघा उंच उचलावा लागतो. ढकलायला घट्ट जमीन नाही, म्हणून प्रत्येक पावलाला दुप्पट कष्ट वाटतात. वेग अगदी कमी, पण छातीचा भाता जोरात चालू. शिवाय खालचे बर्फ मऊ असल्याने हाडांना हादरा कमी. घड्याळ लावून पाहिले तर धावणारा निराश होईल; नाडी धरून पाहिली तर समाधान पावेल. स्वीडनच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात व्होलोदालेन नावाचे ठिकाण आहे. तिथे आणि आपल्या गावच्या रानात गुंडर हेग नावाचा तरुण हिवाळ्यात असाच धावे. काही अंतर खोल बर्फातून, आणि लगेच काही अंतर मोकळ्या रस्त्यावरून. बर्फात जोर कमवायचा आणि रस्त्यावर पावलाची चपळाई जपायची, अशी ती जोडी.

फळ काय मिळाले ते ऐका. १९४२ साली १ जुलै ते २० सप्टेंबर या अवघ्या ८२ दिवसांत हेगने दहा जागतिक विक्रम केले. त्यातला शेवटचा पाच हजार मीटरचा. १३ मिनिटे ५८.२ सेकंद. चौदा मिनिटांच्या आत हे अंतर त्याआधी कोणीच धावले नव्हते. तेव्हा महायुद्ध चालू होते आणि स्वीडन तटस्थ असल्यामुळे तिथे शर्यती होऊ शकत होत्या, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण शर्यती भरल्या म्हणून विक्रम होत नाहीत. त्याचा जोडीचा प्रतिस्पर्धी अर्ने अँडरसन हा तर प्राथमिक शाळेतला मास्तर होता. गुरुजनहो, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. १९४४ साली त्याने मैलाचे अंतर ४ मिनिटे १.६ सेकंदांत तोडले.

आता तिसरा देश. चेकोस्लोव्हाकिया. १९९३ साली त्याची दोन राज्ये झाली. पण आपली गोष्ट जुनी आहे. तिथल्या कोप्रिव्हनित्से गावी एका गरीब घरात १९२२ साली एमिल झाटोपेक जन्मला. पोरगा सोळाच्या आसपास होताच झ्लीन गावच्या बाटाच्या कारखान्यात कामाला लागला. होय, तोच बाटा, ज्याची पायताणे आपल्या तालुक्याच्या पेठेतही विकली जातात! १९४१ साली कारखान्याच्या वार्षिक शर्यतीत त्याला पळायला सांगितले. नको म्हणाला, सबबी सांगितल्या. पण ऐकतो कोण? नाइलाजाने धावला आणि दुसरा आला. तिथून त्याला धावण्याचा नाद लागला.

युद्ध संपल्यावर झाटोपेक सैन्यात गेला. दिवसभर शिपाईगिरी, कवाईत. मोकळा वेळ मिळायचा तो अंधार पडल्यावर. हिवाळा तर कडक. मग त्याने काय केले? पायांत सैन्याचे जड बूट चढवले, हातात विजेची बत्ती घेतली आणि रानातल्या बर्फात धावायला निघाला. बूट जड असले तरी बर्फात आणि चिखलात घोटा सांभाळतात. आणि वसंतात ते काढून हलके बूट घातले, की पायांना पंख फुटल्यासारखे वाटते. त्याची रीत तुकड्यातुकड्यांची. चारशे मीटर जोराने, मग थोडे संथ. पुन्हा चारशे मीटर जोराने. असे वीस वेळा, पुढे चाळीस वेळा, कधी साठ वेळासुद्धा. संथ धावणे मला येतेच, शिकायचे आहे ते जोराने धावणे, असा त्याचा सरळ हिशेब होता.

घराबाहेर पडणे जमले नाही तर? त्याचीही एक गोष्ट सांगतात. कपडे धुवायचे होते. त्याने मोठ्या टबात पाणी, साबण आणि कपडे टाकले, आणि त्यावर उभा राहून जागच्या जागी धावत सुटला. धुणेही झाले आणि मेहनतही झाली! ऐकून हसू येते. पण त्यातला अर्थ हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला करायचे आहे त्याला जागा सापडते.

१९४८ साली लंडनला त्याने दहा हजार मीटरचे सुवर्णपदक घेतले. पण पाच हजार मीटरमध्ये अवघ्या दोन दशांश सेकंदाने हरला. शेवटच्या फेरीत फार उशिरा जागा झाला. दोन दशांश सेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. त्यानंतर चार हिवाळे गेले. कोणी टाळ्या वाजवायला नाही, कोणी पाहायला नाही, वर काळोख आणि खाली बर्फ.

मग आला जुलै १९५२ आणि हेलसिंकीचे ऑलिंपिक. याच हेलसिंकीत २३ जुलैला आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्याच आठवड्यात झाटोपेकने दहा हजार मीटर जिंकले. पाच हजार मीटरच्या शेवटच्या वळणावर मागून मुसंडी मारून तीही शर्यत जिंकली. त्याच दिवशी त्याची पत्नी डाना हिने भालाफेकीत सुवर्णपदक पटकावले. आणि शेवटी गडी मॅरेथॉनला उभा राहिला. ही शर्यत तो जन्मात कधी धावला नव्हता! तीही त्याने जिंकली, २ तास २३ मिनिटे ३ सेकंदांत. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती जिंकणारा दुसरा माणूस अजून झालेला नाही.

श्रोतेहो, या तीन देशांच्या हकिकतीत एक सूत्र आहे. फिनलंडने चालणे आणि स्की धरली, स्वीडनने रानातला वेगाचा खेळ धरला, झाटोपेकने जड बूट आणि धुण्याचा टब धरला. रूप निराळे, पण गोष्ट एकच. ऋतू बदलला तेव्हा त्यांनी मेहनतीची तऱ्हा बदलली, मेहनत सोडली नाही.

आजचे शरीरशास्त्रही हेच सांगते. मेहनत पार सुटली, की दोन ते चार आठवड्यांतच दमसास उतरू लागतो. रक्तातला पातळ भाग कमी होतो, तेवढ्याच कामाला नाडी अधिक जलद चालते. महिनोन् महिन्यांची कमाई अशी हां हां म्हणता ओसरते. पण दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. आठवड्यातले मेहनतीचे दिवस कमी झाले तरी चालते. जे दिवस धराल त्या दिवशी जोर मात्र उणा करू नका. एवढे पाळले तर कमावलेला दम बरेच आठवडे टिकतो. म्हणजे अडचणीच्या दिवसांत थोडेच करा, पण जीव ओतून करा.

इथे एक इशाराही दिला पाहिजे. झाटोपेकच्या साठ फेऱ्या ऐकून शाळेतल्या पोरांना कोणी साठ फेऱ्या मारायला लावू नये. त्या माणसाने एकेक पायरी चढत वर्षानुवर्षे तिथवर मजल मारली होती. आणि बर्फ वेगळे, त्यावरचा गोठलेला निसरडा थर वेगळा. भुसभुशीत बर्फात पाय रुततो, गोठलेल्या थरावर तो निसटतो. तिथे लहान पावले टाकावीत, नाही तर धावणे सोडून चालावे. घामाने भिजलेले कपडे अंगावर ठेवून थंडीत उभे राहणे तर फारच वाईट. हट्ट आणि चिकाटी यांत फरक आहे, तो शिक्षकाने ओळखायला हवा.

आपल्याकडे बर्फ नाही. पण पावसाळा आहे. मृगाच्या सरी आल्या, वाटा चिखलाने भरल्या, की मुलांचे धावणे बंद होते ते थेट दसऱ्यापर्यंत. गुरुजी, त्या चार महिन्यांत शाळेच्या पडवीत जागच्या जागी धावता येते, दोरीवरच्या उड्या मारता येतात. तालमीत जोर-बैठका तर आहेतच. उघडीप मिळाली की गावाबाहेरच्या चढावर झपझप चालता येते. यातले काहीच खर्चाचे नाही.

जाता जाता झाटोपेकविषयी एकच गोष्ट. १९६८ साली रशियाचे रणगाडे त्याच्या देशात शिरले, तेव्हा त्याने उघड विरोध केला. त्यापायी सैन्यातले पद गेले, मानमरातब गेला. जगाचा लाडका हा वीर कित्येक वर्षे घरापासून दूर, जमिनीत भोके पाडून तपासणी करणाऱ्या मजुरांच्या टोळीत राबला. तेव्हा प्रेक्षक नव्हते, पदक नव्हते, आणि हा हिवाळा केव्हा सरेल हेही कोणी सांगू शकत नव्हते. पण ज्याने तरुणपणी अंधारात, बर्फात, एकट्याने धावायची सवय लावून घेतली होती, त्याला तेही निभावता आले. तो २००० साली वारला. त्याच्या देशातली माणसे त्याची पदके मोजतात, तशीच त्याची ती वर्षेही आठवतात.