नळीच्या तळाचा साका

रक्तद्रव सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवला की वर निवळ राहते आणि नळीच्या तळाशी साका बसतो. १९४६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्विन शारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट यांनी हा वेग गुरुत्वाकर्षणाच्या ३१ हजार पट बळापर्यंत नेला. साका काढून घेतलेला रक्तद्रव गोठायला बराच जास्त वेळ घेऊ लागला. साक्यात काहीतरी कामाचं आहे, एवढं त्यातून कळलं. शारगाफ पुढे डीएनएवरच्या कामामुळे जगभर गाजले. साक्याकडे मात्र वीसएक वर्षं फारसं कुणी वळलं नाही. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यात बारीक कण दिसले. त्यांनी त्या कणांना रक्तबिंबिकांची धूळ म्हटलं.

खरा उलगडा झाला तो मेंढीच्या रक्तातून. पोलंडमध्ये जन्मलेल्या रोझ जॉनस्टोन मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जीवरसायन शिकवत. मेंढीचं रक्त काढलं की शरीर तूट भरून काढण्यासाठी अर्धवट वाढलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडतं. या कच्च्या पेशींच्या आवरणावर लोह आत घेणारं एक प्रथिन असतं. पेशी पक्व झाली की ते नाहीसं होतं. जातं कुठे? जॉनस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी काचपात्रात पक्व होऊ दिल्या, भोवतीचा द्रव एक लाख पट बळाने फिरवला आणि साका तपासला. हरवलेलं प्रथिन तिथे होतं, तेही अखंड, इवल्याशा पुटिकांच्या आवरणावर बसलेलं. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या गटाने उंदराच्या पेशींत हाच मार्ग दाखवला. पेशीच्या आत एका मोठ्या पिशवीत लहान पुटिका तयार होतात, ती पिशवी बाहेरच्या आवरणाला चिकटून उघडते आणि पुटिका बाहेर पडतात. आज त्यांना एक्सोसोम म्हणतात. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतो.

तरीही अनेक संशोधकांच्या लेखी या पुटिका म्हणजे पेशीच्या कचऱ्याच्या पिशव्याच होत्या. या समजापायी बरीच वर्षं वाया गेली, असंच म्हणावं लागतं.

१९९६ मध्ये ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रतिकारशक्तीच्या बी-पेशींनी सोडलेल्या पुटिका टी-पेशींना चेतवू शकतात. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये लॉरेन्स झित्वोगेल यांच्या गटाने अशाच पुटिकांनी उंदरांमधल्या गाठी रोखल्या. २००५ पर्यंत कर्करुग्णांवर पहिल्या चाचण्या झाल्या. पुटिका सुरक्षित ठरल्या, गुण मात्र थोड्यांनाच आला.

जनुकीय उपचारांना त्या काळी जनुक पेशींपर्यंत पोहोचवणाऱ्या सुरक्षित वाहकाची चणचण होती. १९९९ मध्ये अमेरिकेत विषाणूवाहक टोचल्यानंतर १८ वर्षांच्या जेसी गेलसिंगरचा मृत्यू झाला आणि सारं क्षेत्र हादरलं. अशा वेळी, २००७ मध्ये, स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये यान लोटवाल यांच्या गटाला पुटिकांमध्ये आरएनए सापडला. उंदराच्या पेशींच्या पुटिका माणसाच्या पेशींना दिल्यावर त्या पेशींत उंदराची प्रथिनं बनू लागली. म्हणजे जनुकीय संदेश पोहोचवण्याचं काम या पुटिका आधीपासूनच करत होत्या. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या मॅथ्यू वुड यांच्या गटाने त्यांत आपल्याला हवा तो आरएनए भरून तो उंदराच्या मेंदूपर्यंत पोहोचवला.

कर्करोगापुरतं बोलायचं तर सर्वांत ठळक काम ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातलं. स्वादुपिंडाच्या बहुतेक कर्करोगांत केआरएएस हे जनुक बिघडलेलं असतं आणि अनेक दशकं त्याच्यावर औषध सापडत नव्हतं. रघु कल्लुरी यांच्या गटाने त्यातला एक नेमका बिघाड हेरून त्याचा संदेश बंद पाडणारा आरएनए पुटिकांत भरला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उपचार मिळालेले उंदीर बरेच जास्त जगले. तोच आरएनए कृत्रिम मेदपुटिकांतून दिल्यावर इतका गुण येईना. नैसर्गिक पुटिकांवर सीडी४७ नावाचं प्रथिन असतं. ते पाहून भक्षक पेशी त्यांना गिळायचं टाळतात, त्यामुळे त्या रक्तात जास्त काळ टिकतात.

पुढे याच केंद्रात रुग्णांवर पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. त्यासाठी अस्थिमज्जेतल्या पेशी जैवभट्टीत वाढवून पुटिका गोळा कराव्या लागतात. एकाच पेशीतून निघालेल्या पुटिकाही सारख्या नसतात, त्यामुळे प्रत्येक खेप तपासणं हे मोठं काम होऊन बसतं. याच क्षेत्रातली कोडियाक बायोसायन्सेस ही अमेरिकी कंपनी रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचली होती. २०२३ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली.